आढींतील वायु आणि चुलींतील ज्योत

‘एक नासका आंबा सगळी आढी नासवतो’ ही म्हण आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकली असेल. आणि बहुधा ती आंब्यांविषयीं नसून शेजारच्या एखाद्या उनाड मुलाविषयीं असेल. गेल्या वैशाखांत आम्ही वरवट बकाल येथें एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहिलों होतों, तेव्हां मात्र ती खरोखरीच्या आंब्यांविषयीं ऐकण्याचा योग आला. शेगांवाहून सातपुड्याच्या रोखानें उत्तरेकडे जातांना, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत हें गांव लागतें. घर जुन्या वळणाचें. तीन भावांचा संसार एकत्र. गोठ्यांत पांच जनावरें, परसांत गोबरगॅसची टाकी, स्वयंपाकघरांत सिलिंडर, आणि आंघोळीचें पाणी तापविण्यास अंगणांत पऱ्हाट्यांची चूल. माळ्यावर गवतांत आंब्यांची आढी घातलेली होती. घरच्या आजी रोज सकाळीं ती चाळीत, आणि डाग पडलेला आंबा दिसला कीं लगेच बाहेर काढीत.

त्यांची नात बारावींत जाणारी. तिच्यापुढें सेंद्रिय रसायनशास्त्राचें पुस्तक उघडें, आणि तोंडानें मिथेन, इथेन, प्रोपेन असा जप चाललेला. अखेर कंटाळून तिनें विचारलें, “आजी, ह्या नांवांचा आणि आपल्या घराचा कांहीं तरी संबंध आहे का ग?” आजी आंबे निवडतां निवडतांच म्हणाल्या, “मला बाई तुझीं नांवें येत नाहींत. पण कोणता गॅस वर जातो आणि कोणता खालीं बसतो, तेवढें ठाऊक आहे.”

हें उत्तर आमच्या मनांत घर करून राहिलें. कारण विचार करूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, त्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणांतील बहुतेक पात्रें त्या एका घरांत हजर होतीं: एक परसांत, दोन सिलिंडरमध्यें, एक माळ्यावरच्या गवतांत, आणि घरांत येऊं नये असें एक बाजारांत. हीं सारीं हायड्रोकार्बनें होत, म्हणजे केवळ कर्ब व हायड्रोजन ह्या दोनच मूलद्रव्यांचीं संयुगें. घटक तेच, पण एकाचा स्वभाव शांत, दुसऱ्याचा मनमिळाऊ, तर तिसऱ्याचा तापट. हा भेद कशामुळें पडतो, एवढी एक गोष्ट समजली तर विद्यार्थ्यांचें पाठांतर निम्म्यानें कमी होईल; आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे घरांतील माणसें कांहीं अपघातांपासून वांचतील.

चतुर्भुज कर्ब

कर्बाच्या परमाणूस चार हात असतात व हायड्रोजनच्या परमाणूस एकच, असें समजून चालावें. कर्बाचें हें चतुर्भुजत्व १८५८ च्या सुमारास जर्मनींतील केकुले व स्कॉटलंडमधील कूपर ह्या दोन रसायनज्ञांनीं स्वतंत्रपणें मांडलें. आपल्याकडे मनुष्य विवाह झाल्यावर चतुर्भुज होतो. कर्ब जन्मतःच तसा आहे, आणि चारही हात कोठें तरी गुंतल्याशिवाय त्यास स्वस्थता नाहीं.

एका कर्बानें चार हायड्रोजन धरले कीं मिथेन झाला. दोन कर्बांनीं एकमेकांचा एकेक हात धरला व उरलेल्या सहा हातांनीं सहा हायड्रोजन धरले, तर इथेन. तीन कर्ब व आठ हायड्रोजन म्हणजे प्रोपेन; चार कर्ब व दहा हायड्रोजन म्हणजे ब्युटेन. प्रत्येक पायरीला एक कर्ब आणि दोन हायड्रोजन वाढतात. हा हिशेब कळला कीं सूत्रें पाठ करण्याची गरज उरत नाहीं.

ही साखळी जसजशी लांबते तसतसा पदार्थ जड होतो आणि त्यास उकळण्यास अधिक उष्णता लागते. मिथेन शून्याखालीं १६२ अंशांवर, इथेन ८९ अंशांवर, प्रोपेन ४२ अंशांवर, तर साधा ब्युटेन जवळजवळ शून्य अंशावरच उकळतो. पांच कर्बांपासून पुढें द्रव पदार्थ लागतात. पेट्रोल व रॉकेल हीं अशाच द्रवांचीं मिश्रणें होत. वीस-पंचवीस कर्बांच्या पुढें गेलें कीं घन मेण येतें, आणि देवघरांतील मेणबत्ती ही परसांतल्या वायूची लांबची बहीण ठरते. ह्या कुळांतील कोणीच पाण्यांत मिसळत नाहीं, आणि रॉकेलसारखीं द्रवें पाण्यावर तरंगतात. म्हणूनच पेटलेल्या रॉकेलवर पाणी ओतलें तर आग विझण्याऐवजीं पाण्याबरोबर वाहत जाते. तेथें माती, वाळू किंवा ओलें जाड गोणपाटच उपयोगी पडतें.

ह्या एकेरी बंधाच्या कुळास ‘पॅराफिन’ असें जुनें नांव आहे. त्याचा लॅटिन अर्थ ‘फारसें सख्य नसलेला’ असा. नांव यथार्थ आहे, कारण आम्ल, क्षार, जांभळें परमँगनेट ह्यांपैकीं कोणाशीं त्यांचें सहसा जमत नाहीं. त्यांच्या ठळक क्रिया दोनच: एक जळणें, आणि दुसरी आदेशाची. व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात. तसाच हा प्रकार. मिथेन व क्लोरीन एकत्र करून सूर्यप्रकाशांत ठेवले, तर एक हायड्रोजन उठतो व त्याच्या जागीं क्लोरीन बसतो. मग दुसरा, मग तिसरा. तीन जागा बदलल्या कीं क्लोरोफॉर्म तयार होतो. ह्याच द्रव्यानें १८४७ सालीं एडिंबरोच्या डॉक्टर सिम्प्सन ह्यांनीं प्रसूतीच्या वेदना शमविण्यास प्रारंभ केला. शेणांतून निघणारा वायु आणि ती गुंगी आणणारी बाटली ह्यांच्यांत अवघ्या तीन परमाणूंचें अंतर आहे!

गोठ्यांतील मिथेन

इटलीच्या व्होल्टा ह्या शास्त्रज्ञानें १७७६ सालीं मॅजिओरे सरोवराच्या काठचा गाळ काठीनें ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले व ते पेटवून पाहिले. तोच हा मिथेन. जेथें प्राणवायु पोंचत नाहीं अशा ठिकाणीं सूक्ष्म जंतु सेंद्रिय पदार्थ कुजवितात व मिथेन सोडतात. सरोवराच्या तळाशीं जें आपोआप घडतें तें आपण परसांतील टाकींत शेण व पाणी समभाग कालवून घडवितों. त्या वायूंत शेंकडा ५० ते ६५ भाग मिथेन, उरलेला बहुतांशीं कर्बद्विप्राणिद, आणि किंचित् गंधकयुक्त वायु असतो. न पेटवितां सोडल्यास जी कुजक्या अंड्याची घाण येते ती ह्या शेवटच्याची. मिथेनला स्वतःचा वास नाहीं.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नव्हे. मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठधामांत १८९७ सालींच मैल्यापासून वायु काढून त्याचा उपयोग केला जात होता. पुढें देहू येथें डॉक्टर मापुसकर ह्यांनीं शौचालयास जोडलेल्या गॅस-संयंत्रासाठीं आपलें आयुष्य वेंचलें. त्यांना २०१७ सालीं मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या ‘आरती’ ह्या संस्थेनें खरकट्या व पिठाळ पदार्थांवर चालणारें आटोपशीर संयंत्र तयार केलें आणि त्याबद्दल २००६ सालीं तिला इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक लाभलें.

आतां घरचा हिशेब पाहूं. एक जनावर दिवसाला सुमारें दहा किलो शेण देतें, आणि एक किलो शेणापासून अदमासें चार शतांश घनमीटर वायु मिळतो. तेव्हां पांच जनावरांच्या ५० किलो शेणापासून रोज दोन घनमीटर वायु मिळावा. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारें साडेचारशें ग्रॅम सिलिंडरचा गॅस. म्हणजे रोजची बचत नऊशें ग्रॅमची झाली, आणि १४.२ किलोचें एक सिलिंडर जवळजवळ सोळा दिवसांनीं वांचलें. शिवाय टाकींतून बाहेर पडणारी मळी उत्तम खत होते, हा लाभ वेगळाच. थंडींत मात्र जंतु मंदावतात व वायु कमी येतो. म्हणून आमच्या स्नेह्यांच्या घरीं पौषांत सिलिंडरवर भार पडे.

मिथेनचा एक रेणु जळतांना प्राणवायूचे दोन रेणु घेतो, व त्यांतून एक रेणु कर्बद्विप्राणिदाचा आणि दोन रेणु पाण्याचे होतात. हवेंत प्राणवायु पंचमांशच असल्यानें एक भाग मिथेनला सुमारें दहा भाग हवा लागते; प्रोपेनला चोवीस भाग, तर ब्युटेनला एकतीस. म्हणूनच गोबरगॅसच्या शेगडीचें तोंड वेगळ्या मापाचें असतें, आणि सिलिंडरची शेगडी त्यास तशीच जोडणें योग्य नव्हे. हवा पुरेशी मिळाली कीं ज्योत निळी व भांडें स्वच्छ. ज्योत पिवळी दिसूं लागली, भांड्याचें बूड काळें होऊं लागलें, तर समजावें कीं कर्ब अर्धवट जळतो आहे. अशा अर्धवट ज्वलनांत काजळीबरोबर कर्बएकप्राणिद नांवाचा वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील प्राणवायूची जागा तो बळकावतो. दार-खिडकी बंद केलेल्या न्हाणीघरांत गॅसच्या गीझरनें माणसें दगावल्याच्या बातम्या आपण वाचतों, त्यांच्या मुळाशीं हाच वायु असतो. न्हाणीघरांत हवेस वाट असणें ही चैन नव्हे. तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.

वर जाणारा आणि खालीं बसणारा

आमच्या मुक्कामांतील तिसऱ्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरच्या धाकट्या सूनबाई पाणी पिण्यास म्हणून स्वयंपाकघरांत गेल्या. आंत काळोख होता आणि वास येत होता. त्यांचा हात विजेच्या बटनाकडे गेला, तोंच मागून आजींचा आवाज आला, “बटनाला हात लावूं नकोस! आधीं मागचें दार उघड.” दारें उघडलीं, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मुलांना अंगणांत नेलें, आणि अर्धा-पाऊण तास कोणी आंत पाऊल टाकलें नाहीं. सकाळीं पाहिलें तों रबरी नळीस भेग पडलेली. दोष कोणाचा नव्हता. नळी बदलण्याचें काम ‘उद्यां करूं’ म्हणून पुष्कळ दिवस राहून गेलें होतें, इतकेंच.

आजींच्या त्या दटावणीमागें जें शास्त्र आहे तें नातीच्या पुस्तकांत पहिल्याच कोष्टकांत होतें. हायड्रोजनचा भार १ व कर्बाचा १२ धरला तर मिथेनचा रेणुभार १६ येतो, प्रोपेनचा ४४, आणि ब्युटेनचा ५८. हवेचा सरासरी रेणुभार २९. म्हणून मिथेन हवेहून हलका. गळला तर वर चढतो व झरोक्यावाटे निघून जातो. सिलिंडरांत असतें प्रोपेन-ब्युटेनचें मिश्रण. तें हवेहून जड. गळलें तर जमिनीवर पाण्यासारखें पसरतें, कोपऱ्यांत व मोरींत सांचतें, आणि वरची खिडकी उघडी असली तरी हटत नाहीं. हवेंत शेंकडा दोन ते नऊ ह्या प्रमाणांत तें मिसळलें कीं एका ठिणगीनें भडका होतो. आणि विजेचें बटन दाबतांना वा बंद करतांनाही ठिणगी उडते. मिथेनला मात्र शेंकडा पांचापासून पंधरापर्यंत मिसळावें लागतें.

सिलिंडरांतील वायूसही मूळचा वास नाहीं. जो येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन ह्या उग्र गंधद्रव्याचा. ती पहारेकऱ्याची हांक समजावी. वास आला असतां करावयाचें तें एवढेंच: ज्योत वा निरांजन विझवावें, बटनांस शिवूं नये, दारें सताड उघडावीं, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर पडावें, आणि बाहेर गेल्यावर १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें. हा कागद स्वयंपाकघराच्या दाराशीं चिकटवून ठेवण्यास हरकत नाहीं.

दोन हातांची पकड

आतां माळ्यावरच्या आढीकडे वळूं. दोन कर्बांनीं एकमेकांना एका हाताऐवजीं दोन-दोन हातांनीं धरलें, तर हायड्रोजनसाठीं चारच हात उरतात. हा एथिलीन. वरवर पाहतां वाटेल कीं दुहेरी पकड म्हणजे दुप्पट घट्ट. पण पहिली पकड जितकी मजबूत तितकी दुसरी नसते. ती कांहींशी सैल असते, आणि कोणी योग्य पाहुणा आला कीं सुटून त्यास जवळ करते. इथेनमध्यें कोणी उठल्याशिवाय दुसऱ्यास जागा नाहीं. येथें कोणास न उठवितां नवागताची सोय होते. ह्या क्रियेस योग म्हणतात. तांबूस ब्रोमीनच्या द्रावणांत एथिलीन सोडला कीं रंग नाहींसा होतो. विहिरींत टाकावयाच्या परमँगनेटचा जांभळा रंगही जाऊन तपकिरी गाळ उरतो. पॅराफिन व एथिलीन ओळखण्याची ही सोपी परीक्षा.

हाच एथिलीन फळें पिकवितो. सेंट पीटर्सबर्गच्या नेल्यूबोव्ह ह्या विद्यार्थ्यानें १९०१ सालीं दाखविलें कीं, प्रयोगशाळेंतील दिव्याच्या गॅसमुळें वाटाण्याचीं रोपें वेडींवांकडीं वाढत होतीं आणि त्याचें कारण त्या गॅसमधील एथिलीन होतें. १९३४ सालीं इंग्लंडांत गेन ह्यानें सिद्ध केलें कीं, पिकणारें फळ स्वतःच हा वायु सोडतें. पिकूं लागलेलें एक फळ एथिलीन सोडतें, तो शेजारच्या फळास पिकण्याची सूचना देतो, तें फळ आणखी सोडतें, आणि असें करीत सारी रास पिकते. गवताची आढी हा वायु व ऊब दोन्ही कोंडून ठेवते. डागाळलेलें फळ तर हा वायु जास्तच सोडतें, आणि त्याची बुरशीही शेजाऱ्यास लागते. आमच्या पूर्वजांनीं एथिलीन हें नांव ऐकलें नव्हतें. पण त्याचें वर्तन त्यांनीं एका म्हणींत नेमकें टिपलें होतें. केळींच्या भट्टींत धुरी देण्याची जुनी चाल होती, तिचेंही मर्म हेंच: धुरांत थोडा एथिलीन असतो.

खानदेशांतील जळगांवच्या केळ्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. (संग्रामपूरशेजारचें जळगांव जामोद तें निराळें.) हीं केळीं हिरवीं काढतात, दूरच्या शहरीं पाठवितात, आणि तेथें थंड खोल्यांत मोजून एथिलीन सोडून पिकवितात. दहा लाख भाग हवेंत १०० भागांपर्यंत एथिलीन वापरण्यास आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालीं मुभा दिली. फळ जें स्वतः करतें तेंच येथें वेळेवर करविलें जातें. त्यांत भिण्याचें कारण नाहीं.

योगाच्या क्रियेचें दुसरें उदाहरण डब्यांतील वनस्पति तुपाचें. सरकीच्या वा शेंगदाण्याच्या तेलांत लांबलचक कर्बसाखळ्या असतात व त्यांत अधूनमधून अशीच दुहेरी पकड असते. निकेलच्या सान्निध्यांत तीवर हायड्रोजन चढविला कीं पातळ तेल घट्ट होतें. ह्या विद्येच्या प्रवर्तकांपैकीं एक, फ्रान्सचे साबातिए, ह्यांना १९१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण ही क्रिया अर्धवट झाल्यास कांहीं साखळ्या उलटा पीळ घेऊन बसतात. त्यांस ट्रान्स मेद म्हणतात, आणि ते हृदयास बाधक ठरले. म्हणून जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत त्यांचें प्रमाण शेंकडा दोनच्या आंत असलें पाहिजे असा नियम आहे.

तिहेरी पकडीचा तापट भाऊ

दोन कर्बांनीं तीन-तीन हातांनीं परस्परांना धरलें, तर उरले दोनच हायड्रोजन. हा ॲसिटिलीन. एडमंड डेव्ही ह्यास तो १८३६ सालीं सांपडला. पण १८९२ मध्यें कॅल्शियम कार्बाईड स्वस्तांत तयार करण्याची रीत निघाल्यावर तो सर्वत्र पसरला. कार्बाईडच्या खड्यावर पाणी पडलें कीं ॲसिटिलीन निघतो व मागें चुना राहतो. एके काळीं सायकलचे दिवे ह्यावर जळत. त्याचा प्रकाश पांढरा कां? मिथेनच्या भारांत कर्ब शेंकडा ७५, तर ॲसिटिलीनमध्यें शेंकडा ९२. हा जादा कर्ब ज्योतींत तापून लखलखतो, आणि हवा अपुरी पडली कीं काजळी धरतो. शुद्ध प्राणवायु दिला तर हीच ज्योत ३१०० अंशांपर्यंत जाऊन लोखंड वितळविते. तीन हातांच्या ह्या पकडींत पुष्कळ शक्ति ताणून धरलेली असते. म्हणून ॲसिटिलीन हवेंत शेंकडा अडीचपासून ऐंशीपर्यंत कोणत्याही प्रमाणांत स्फोट पावूं शकतो.

ॲसिटिलीन एथिलीनची थोडीशी नक्कल करतो. एवढ्याच भांडवलावर कांहीं लोभी व्यापारी आंब्यांच्या पेटींत कार्बाईडच्या पुड्या ठेवतात. सालीस रंग चढतो, पण गर आंबटच राहतो. त्याहून वाईट म्हणजे बाजारी कार्बाईडमध्यें सोमल व फॉस्फरस ह्यांचे अंश असतात, आणि पाण्याबरोबर त्यांचे विषारी वायु निघून फळास लागतात. म्हणून अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनीं कार्बाईडनें पिकविलेलीं फळें विकण्यास मनाई केली आहे. पेटींत राखी रंगाच्या भुकटीची पुडी दिसली, किंवा साल एकसारखी पिवळी असून सुगंध मुळींच नाहीं असें आढळलें, तर तो माल घरीं आणूं नये. आणि आणखी एक सूचना कळकळीची. २०२५ च्या दिवाळींत शेजारच्या मध्यप्रदेशांत नळीच्या बंदुकींत कार्बाईड व पाणी घालून बार उडवितांना कितीतरी मुलांच्या डोळ्यांस इजा झाली. कांहींची दृष्टि धोक्यांत आली. संग्रामपूर तालुक्याची उत्तर सीमा त्याच राज्यास भिडलेली आहे. असला खेळ आपल्या दारांत येण्यापूर्वींच मुलांना समजावून सांगितलेला बरा.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं आम्ही नातीस एवढेंच सुचविलें कीं, नांवांचा जप सोडून तिनें घरांत फिरून यावें आणि प्रत्येक ठिकाणीं कर्बानें कर्बास किती हातांनीं धरलें आहे तें लिहावें. तिनें वहींत लिहिलें: परसांत एकटा कर्ब, सिलिंडरमध्यें एकेरी, माळ्यावर दुहेरी, बाजारांत तिहेरी. मग थोडा वेळ विचार करून ती आजींजवळ गेली व म्हणाली, “आजी, तुम्ही त्या रात्रीं काकूला अडवलंत, तें चव्वेचाळीस आणि एकोणतीस ह्यांमुळें.” आजींना तें आंकडे कांहीं कळले नाहींत. त्यांनीं आढींतला एक पिकलेला आंबा तिच्या हातांत ठेवला आणि थोरल्या मुलास हांक मारून विचारलें, “अरे, नवी नळी आणलीस का?”

ती नळी त्याच दिवशीं आली. आमच्या वाचकांनींही हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं एकदां आपल्या घरची नळी पाहून यावी, अशी आमची विनंति आहे.